"टाके सुकले का?" : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाहिलेल्या घरच्या फोटोंचं एक प्रकरण

तीन आठवड्यांची रजा संपवून मॅडम कामावर रुजू झाल्या. त्याच दुपारी त्यांच्या साहेबांनी जाता जाता विचारलं, "आता कशी आहे आईंची तब्येत? टाके सुकले का?" विचारण्यात काळजीच होती. मॅडम "हो सर, आता बरी आहे" म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की रजेच्या अर्जात आपण फक्त 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं होतं. ऑपरेशनचं ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. टाक्यांचं तर नाहीच नाही.

माझ्याकडे हे प्रकरण आलं ते वेगळ्याच वाटेने. मी त्या कंपनीत सिस्टिम अॅडमिन होतो, म्हणजे तिथले कॉम्प्युटर आणि खाती सांभाळणारा. चारच्या सुमारास माझ्या स्क्रीनवर इशारा आला: अकाउंट्स विभागातल्या एका मशीनवर फाइली कायमच्या पुसणारं अनोळखी सॉफ्टवेअर चालवायचा प्रयत्न झाला, अँटिव्हायरसने तो अडवला. आमच्या कामात असा इशारा दिसला की पहिला विचार वाईटच येतो. त्यात मशीन अकाउंट्सचं. फोन न करता मी थेट जागेवर गेलो. मॅडम रडवेल्या झाल्या होत्या.

"मी कंपनीचं काही पुसलं नाही हो. माझेच फोटो होते."

"कसले फोटो, मॅडम?"

"आईच्या पोटाचे."

माणसं ओळखू येतील असे तपशील मी इथे गाळले आहेत. बाकी जे घडलं ते असं.

दहा मिनिटांची मधली सुट्टी

आईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. टाक्यांच्या एका टोकाला लाली दिसत होती. ती वाढतेय का हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी रोज एक फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं. रजेच्या चार दिवस आधी मॅडमना कालचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहायचा होता. फोनच्या स्क्रीनवर काही कळेना. समोर चोवीस इंची मॉनिटर होता आणि जेवणाच्या सुट्टीमुळे आसपास कोणी नव्हतं. त्यांनी केबल लावली. विंडोजने विचारलं, या उपकरणाचं काय करायचं? त्यांनी पहिलाच पर्याय दाबला, फोटो आणि व्हिडिओ इम्पोर्ट करण्याचा.

हवे होते दोन फोटो, आले सहाशेच्या वर. फोटोज अॅप ते डीफॉल्टने 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये उतरवतं. मॅडमनी दोन फोटो पाहिले, लाली खरंच वाढली होती, त्या घाबरल्या, सगळ्या विंडो बंद केल्या आणि केबल काढून डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेल्या. त्यांच्या लेखी त्यांनी फोटो 'पाहिले' होते. कॉपी केले असं त्यांना कधी वाटलंच नाही.

(त्या इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट झाल्यावर उपकरणातून काढून टाका' अशी एक खूण असते. ती नशिबाने लागलेली नव्हती. लागली असती, तर त्या फोटोंची एकुलती प्रत कंपनीच्या मशीनवर उरली असती.)

आता माझा भाग. साधारण दीड वर्षापूर्वी मी सगळ्या मशीनवर एक सेटिंग चालू केली होती. लोक महत्त्वाच्या फाइली डेस्कटॉपवर टाकतात, डिस्क मरते, मग रडारड होते. म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर कंपनीच्या वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या साठ्याकडे वळवले. मायक्रोसॉफ्ट त्याला 'नोन फोल्डर मूव्ह' म्हणतं. माणसाला पडद्यावर काही बदललेलं दिसत नाही. फोल्डरचं नाव तेच, जागा तीच, फक्त आयकॉनच्या कोपऱ्यात एक छोटी हिरवी खूण येते. ती खूण म्हणजे 'याची प्रत कंपनीच्या क्लाउडवर पोहोचली' हे किती जणांना कळत असेल? मी तेव्हा सगळ्यांना पाठवलेला मेल या प्रकरणानंतर पुन्हा उघडून वाचला. 'तुमच्या फाइली आता अधिक सुरक्षित' असं त्यात होतं. कोणापासून सुरक्षित आणि कोणाला उघड्या, यावर एक अक्षर नव्हतं.

मॅडम केबल काढून बाहेर गेल्या तेव्हा फोटो वर चढायला सुरुवात झालेली होती. संध्याकाळपर्यंत सगळे चढले.

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा मला फोन आला. एक थकबाकीची शीट मॅडमच्या फोल्डरमध्ये अडकली होती, ती हवी होती. नियमाने मी ती एक फाइल शोधून त्यांना द्यायला हवी होती. पण फाइलचं नेमकं नाव साहेबांना आठवेना. मग मी त्यांना मॅडमच्या अख्ख्या वनड्राइव्हचा प्रवेश देऊन टाकला. दोन क्लिकचं काम. तो प्रवेश परत काढायचा असतो, हे मी पुढच्या कामात विसरलो.

सतरा मिनिटं

साहेबांचं म्हणणं एचआरसमोर सरळ होतं: "फाइल शोधत होतो, फोटो समोर आले. दिसलं म्हणून माणुसकीने विचारलं."

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोणी कोणती फाइल उघडली, कधी, कुठल्या पत्त्यावरून, याची ऑडिट नोंद राहते. ती कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी असते असा सगळ्यांचा समज आहे, साहेबांचाही असावा. मी ती काढली. थकबाकीची शीट त्यांना तिसऱ्या मिनिटाला सापडली आणि त्यांनी ती उतरवून घेतली. त्यानंतर सतरा मिनिटांत पिक्चर्समधल्या तेवीस फाइली उघडल्या गेल्या. ओळीने नाही, मधून मधून, लघुचित्र पाहून निवडावी तशा. शेवटच्या काहींमध्ये एक स्क्रीनशॉट होता. तो दोनदा उघडलेला होता.

टाक्यांची चौकशी हा या प्रकरणाचा वरवरचा भाग होता, हे मला तेव्हा कळलं.

फोनची गॅलरी म्हणजे फोटोंचा अल्बम हा समज फार जुना झाला. आता ती माणसाची खिशातली फाइल असते. मॅडमच्या सहाशे फोटोंत जखम होती, आईंचे रिपोर्ट होते, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू होत्या, रद्द केलेला चेक होता, वहीच्या पानावर लिहिलेला एक पासवर्ड होता. आणि गप्पांचे स्क्रीनशॉट होते. दोनदा उघडलेला स्क्रीनशॉट दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याचा होता. त्याने मॅडमना विश्वासाने लिहिलं होतं, की तो दुसरीकडे मुलाखती देतोय. सोबत साहेबांबद्दल दोन वाक्यं होती, गोड नव्हती. त्या सहकाऱ्याने मॅडमच्या कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नव्हता. कुठल्याही संगणक-वापर धोरणावर त्याने या फोटोंपुरती सही केली होती असंही म्हणता येणार नाही. फोटो एकाचा असतो, पण त्यात माणसं अनेक असतात, आणि आईंनी तरी आपलं पोट कोणाला दाखवायला सांगितलं होतं?

फोटोच्या पोटात आणखी एक गोष्ट असते. कॅमेरा फोटोसोबत एक्झिफ नावाची माहिती लिहितो. हे प्रमाण १९९५ मध्ये जपानमध्ये ठरलं. वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांशही. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती गळून पडते. केबलने उतरवला की सगळी जशीच्या तशी येते. विंडोजमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधला 'डिटेल्स' उघडला की झालं. जखमेच्या पहिल्या फोटोवरून कोणतं हॉस्पिटल आणि पुढच्यांवरून कोणतं घर, हे कोणालाही नकाशावर पाहता आलं असतं.

"आता गेले ना सगळे?"

त्या दुपारी मॅडमनी घाबरून पिक्चर्स फोल्डर रिकामा केला होता, रिसायकल बिनही. त्यानंतर कुठेतरी वाचून ते पुसणारं सॉफ्टवेअर उतरवलं, आणि मला इशारा आला. इथे एक सांगायला हवं: ऑफिसच्या मशीनवर असं सॉफ्टवेअर चालवणं हा घाबरलेल्या माणसाला सुचणारा सर्वांत वाईट उपाय आहे. फोटो त्याने पुरते जात नाहीत. उलट कंपनीच्या नजरेत तुम्ही पुरावा नष्ट करणारे ठरता. मी त्यांना ओळखत नसतो, तर माझा अहवाल वेगळा गेला असता.

"आता गेले ना सगळे?" त्यांनी विचारलं. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि एकेक जागा दाखवत गेलो.

वनड्राइव्हच्या वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये सहाशेच्या सहाशे पडून होते. ऑफिसच्या खात्यात पुसलेली फाइल तिथे ९३ दिवस राहते. आपण ते बिन रिकामं केलं तरी ती आणखी एका मागच्या बिनमध्ये जाते, जे अॅडमिनलाही दिसतं. म्हणजे मला.

मग लघुचित्रं. फोल्डर उघडल्यावर जी छोटी छोटी चित्रं दिसतात ती विंडोज दर वेळी नव्याने बनवत नाही, एकदा बनवून साठवून ठेवतं. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळी त्याच फोल्डरमध्ये 'थंब्स डॉट डीबी' नावाची लपलेली फाइल असायची. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ती चित्रं वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये एका जागी, 'थंबकॅश' नावाच्या फाइलींत जमा होतात. मूळ फोटो पुसला तरी लघुचित्र तिथे राहू शकतं. मी ती फाइल एका दर्शकात उघडली. रांगेत राखाडी चौकोन, शीटचे, पीडीएफचे, आणि मध्येच कातडीचा रंग. २५६ पिक्सेलचं चित्र, अंगठ्याच्या दोन पेरांएवढं. त्यातही टाके मोजता येत होते. सात.

मॅडमनी मान फिरवली. मी ते बंद केलं. एवढं जवळून दाखवायची गरज नव्हती, असं आता वाटतं.

बाकीचं मी नुसतं सांगितलं. 'अलीकडे उघडलेल्या फाइली'च्या यादीत फोटोंची नावं, उघडल्याची वेळ आणि मूळ जागा राहते. विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदवहीत, त्यांच्या फोनचं मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदला गेला होता. पेनड्राइव्हवरून पाहिले असते तर त्या ड्राइव्हचा क्रमांक राहिला असता. साहेबांनी फोटो ब्राउझरमध्ये उघडले होते, म्हणून त्यांच्या मशीनवरच्या ब्राउझर कॅशमध्येही (पाहिलेल्या पानांचा तात्पुरता साठा) प्रती असण्याची शक्यता होती. आणि रोज रात्री वनड्राइव्हचा बॅकअप दुसरीकडे जात होता.

मॅडमनी थोडा वेळ हिशोब केला. अकाउंट्सची सवय. "म्हणजे मी दोन फोटो दहा मिनिटं पाहिले, आणि आठ ठिकाणी राहिले."

मी सहा मोजली होती. त्यांनी रिसायकल बिनं वेगवेगळी धरली होती.

"मग वेबवर पाहिले असते तर?"

हा प्रश्न नंतर ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारला. स्वतःच्या खात्यात लॉगिन करून, ब्राउझरमध्ये पाहिलं तर? तुलनेने बरं, पण फार नाही. ब्राउझर पाहिलेली चित्रं कॅशमध्ये ठेवतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एक खटला निकाली काढला. त्यातल्या कर्मचारी बाईंनी कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचं पासवर्ड असलेलं मेल खातं उघडून वकिलाशी पत्रव्यवहार केला होता. नोकरी सोडून त्यांनी कंपनीवर दावा लावला, तेव्हा कंपनीने डिस्कची हुबेहूब प्रत काढून ती पानं कॅशमधून बाहेर काढली. न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. पण त्यात वकील आणि अशील यांच्या गोपनीयतेचं कवच मोठं होतं. जखमेच्या फोटोला ते नसतं.

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या इतिहास न ठेवणाऱ्या विंडोबद्दल, तर ती विंडोच उघडताना सांगते, की तुमच्या मालकाला किंवा शाळेला तुमचा वापर दिसू शकतो. ते वाक्य कोणी वाचत नाही. त्याने फक्त त्या मशीनवरचा इतिहास राहत नाही. मधली वाट तशीच उघडी राहते. काही कंपन्या मशीनवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा हे ब्राउझरला सांगणारं मूळ प्रमाणपत्र) बसवतात आणि कूटबद्ध रहदारी मध्येच उघडून तपासून पुन्हा बंद करतात. हे ओळखायला फार विद्या लागत नाही: ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते पाहायचं. तिथे ओळखीच्या सार्वजनिक संस्थेऐवजी कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचं नाव असेल, तर मध्ये कोणीतरी बसलंय. आणि ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर लावलेलं असेल, तर कॅश, क्लाउड, सर्टिफिकेट यांची चर्चाच फोल आहे. आमच्याकडे ते नव्हतं.

फोल्डरला 'वैयक्तिक' नाव दिलं असतं तर

एचआरच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, मॅडमनी फोल्डरला 'पर्सनल' नाव द्यायला हवं होतं. यावर युरोपात थेट निवाडा आहे. 'लिबेर विरुद्ध फ्रान्स', युरोपीय मानवी हक्क न्यायालय, २२ फेब्रुवारी २०१८. फ्रान्सच्या सरकारी रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीत त्याच्या कॉम्प्युटरची डिस्क उघडली गेली. त्यात १५६२ अश्लील फाइली निघाल्या, ७८७ मेगाबाइट भरतील एवढ्या, आणि २००८ मध्ये त्याची नोकरी गेली. त्याने अख्ख्या डिस्कला 'वैयक्तिक माहिती' असं नाव दिलेलं होतं. पण फ्रेंच नियमानुसार ऑफिसच्या मशीनवरच्या फाइली कामाच्याच मानल्या जातात, स्पष्टपणे 'खासगी' म्हटलेलं नसेल तर. 'वैयक्तिक' म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतः हाताळलेल्या कामाच्या फाइली असाही अर्थ निघतो, आणि पूर्ण डिस्क खासगी म्हणून राखता येत नाही. तो हरला.

त्याच न्यायालयाने त्याआधी काही महिन्यांपूर्वी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, 'बर्बुलेस्कु विरुद्ध रोमानिया' प्रकरणात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता. तिथे मालकाने मेसेंजरवरच्या गप्पा वाचल्या होत्या. देखरेख होईल, ती कशी आणि कुठवर जाईल, हे माणसाला आधी नीट सांगितलं होतं का, हा तिथे कळीचा मुद्दा होता.

मला या दोन्हींतून एवढंच घ्यावंसं वाटतं, की फोल्डरच्या नावावर भरवसा ठेवणं म्हणजे दाराला कुलूप नसताना 'आत येऊ नये' अशी पाटी लावणं. पाटीचा उपयोग भांडण झाल्यावर होतो. साहेबांच्या सतरा मिनिटांत तिने त्यांना थांबवलं असतं की उलट बोलावलं असतं, सांगता येत नाही.

पुढे काय केलं

मॅडमच्या लेखी विनंतीवरून दोन्ही बिनं रिकामी केली, लघुचित्रांचा साठा आणि अलीकडच्या फाइलींची यादी साफ केली, साहेबांचा प्रवेश काढला, त्यांच्या ब्राउझरचा कॅश त्यांच्या समोर बसून पुसला. ती पंधरा मिनिटं आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. केबल लावताच पर्याय विचारणारा ऑटोप्ले सगळीकडे बंद केला. वळवलेल्या फोल्डरमधून पिक्चर्स वगळला. ते आधीही करता आलं असतं, तिन्ही वेगवेगळे निवडता येतात. रजेवरच्या माणसाची फाइल हवी असेल तर ती एकच फाइल द्यायची, नाव आठवत नसेल तर मी शोधून द्यायची, असं ठरलं. आणि मी नवा मेल लिहिला: 'डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं कंपनीच्या क्लाउडवर जातं. ते मला उघडता येतं. मी उघडणार नाही, पण येतं.' आधीच्या मेलला एकही उत्तर आलं नव्हतं. याला एकोणीस आली.

दोन फोटो शेजारी ठेवून पाहायचे असतील तर फोनमध्येच कोलाज करून मोठं करता येतं, हेही मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तेव्हा माहीत असतं तर." मीही तेच म्हणत होतो, फक्त वेगळ्या गोष्टीबद्दल.

राहिला तो सहकारी. त्याला सांगावं असं माझं मत होतं. तो साहेबांच्या हाताखाली नव्हता, पण बढतीच्या समितीत साहेब होते. एचआरने ठरवलं, त्याला सांगून उगाच वाढवायचं कशाला. मॅडमनाही तक्रार नको होती, आईंच्या आजारपणात त्या पुरत्या थकल्या होत्या. तक्रार नाही, म्हणून चौकशी नाही. चौकशी नाही, म्हणून ऑडिटची नोंद वेगळी काढून जपायचे आदेश नाहीत. माझ्या अधिकारात ती मला स्वतःहून ठेवता येत नव्हती.

आमच्या खात्यात ती नोंद १८० दिवस राहायची. बॅकअप मात्र एक वर्षाचा होता, आणि त्यातून एखादी फाइल वेगळी काढून पुसता येत नव्हती. खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही हात लावता येऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बांधलेला असतो. त्यामुळे साहेबांनी तेवीस फाइली उघडल्याचा पुरावा सहा महिन्यांत आपोआप गळून गेला. सहाशे फोटो, सात टाके आणि तो स्क्रीनशॉट त्यानंतरही सहा महिने तिथेच होते.